औषधाबरोबर दोन शब्दही द्या

खोपटच्या एस.टी. डेपोत नवखा माणूस गाडीत चढला की कंडक्टर आधी विचारतो, "कुठं जायचंय?" मग तिकीट देतो. एखादी म्हातारी म्हणाली, "बाळा, माझा थांबा आला की सांग रे," तर कितीही गर्दी असली तरी बहुतेक कंडक्टर तेवढे सांगतात. आपले काम फक्त तिकीट फाडण्याचे, असे ते म्हणत नाहीत. या डेपोपासून थोडे चालले की औषधांची दुकाने लागतात. तिथे आपण काय पाहतो? चिठ्ठी पुढे सरकते, गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने कापली जाते, खाकी पाकिटात पडते, पैसे दिले-घेतले जातात आणि माणूस पायऱ्या उतरतो. चुकीच्या थांब्यावर उतरलो तर फार तर दोन मैलांची पायपीट होते. गोळी चुकली तर काय होते, हे मी घरात पाहिले आहे.

माझ्या आईला वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी संधिवाताने धरले. सकाळी बोटे आखडायची, पेला उचलता येत नसे. डॉक्टरांनी तपासून मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि तिच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड देतात. हे आज मला झोपेत विचारले तरी सांगता येईल. तेव्हा ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहिले होते, पण इंग्रजीत आणि त्यांच्या अक्षरात. दुकानातल्या मुलाने स्ट्रिप पाकिटात टाकली आणि हाताच्या सवयीने वर लिहिले, "1-0-0". म्हणजे सकाळी एक. मी विचारलेसुद्धा, "ही कशाची गोळी?" तो म्हणाला, "सांधेदुखीची आहे काका. नाश्त्यानंतर द्या." तेवढ्यावर माझे समाधान झाले. विचारल्याचे आणि उत्तर मिळाल्याचे.

आठ दिवसांनी आईचे तोंड आतून सोलवटून निघाले. पेजसुद्धा गिळवेना. "उष्णता झाली असेल," असे घरात एकमताने ठरले. गुलकंद झाला, सब्जा झाला. मग मी तोंडाला लावायचे जेल आणायला निघालो. नेहमीचे दुकान बंद होते म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो. काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी जेलची ट्यूब काढली, पण हातातच धरून ठेवली.

"कुणासाठी हवंय? वय काय त्यांचं? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

मला रागच आला. म्हटले, "अहो बाई, तोंड आलंय. जेल तेवढं द्या."

"देते ना. घरी फोन करून गोळ्यांची नावं विचारता का?"

बायकोने फोनवर एकेक अक्षर लावत नावे वाचली. तिसऱ्या नावाला बाई थांबल्या. "ही आठवड्यातून कितीदा देताय?"

"आठवड्यातून? रोज देतो की."

त्यांनी ट्यूब परत फळीवर ठेवली. "काका, ती गोळी आजपासून बंद. आईंना घेऊन आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा. रक्त तपासावं लागेल. स्ट्रिप बरोबर न्या आणि किती दिवस दिली ते नीट सांगा."

रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या. आई अकरा दिवस रुग्णालयात होती. ती घरी आली, आज वयाच्या मानाने बरी आहे. पण त्या अकरा रात्री बाकावर बसून मी एकच हिशेब करत होतो. दोष कुणाचा? डॉक्टरांच्या अक्षराचा? त्या मुलाच्या सवयीचा? की पदवी घेतलेल्या, चष्मा लावून रोज अग्रलेख वाचणाऱ्या माझा, ज्याच्या खिशात ती चिठ्ठी चार घड्या घालून पडली होती? वाटायचाच तर तो तिघांत वाटावा लागेल. मात्र एक गोष्ट लख्ख दिसली. पहिल्या दुकानात मी प्रश्न विचारला आणि मला उत्तर मिळाले. दुसऱ्या दुकानात मी काहीच विचारले नव्हते, उलट मलाच प्रश्न विचारले गेले, आणि आई वाचली.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. औषध घ्यायला गेलो की विचारतो. खोपट, नौपाडा, चरईत विचारतो, कल्याणला बहिणीकडे आणि डोंबिवलीला मुलीकडे गेलो तर तिथेही विचारतो. ही काही पाहणी नव्हे, एका माणसाची चौकशी आहे. पण उत्तरांचे ठरावीक साचे आता मला पाठ झाले आहेत. पहिला साचा, "डॉक्टरांना विचारा." दुसरा, "काही नाही हो, चांगली गोळी आहे." तिसरा, "जेवणानंतर घ्या," मग ती गोळी उपाशीपोटी घ्यायची असली तरी. चौथा, "ती कंपनी नाही, ही घ्या, सेम आहे." पाचवा साचा दुर्मीळ. तिथे समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि उलट विचारतो, "कुणासाठी?" कधी एखादा प्रामाणिकपणे म्हणतो, "नक्की माहीत नाही, बघून सांगतो." मला विचाराल तर औषधांच्या दुकानात ऐकू येणारी ही दोन सर्वांत मोलाची वाक्ये आहेत.

यातली गंमत, खरे तर विपर्यास, पाहा. लिहून दिलेल्या औषधाविषयी विचारले की जो "डॉक्टरांना विचारा" म्हणतो, तोच "ताप आहे, काहीतरी द्या" म्हटल्यावर बिनदिक्कत अँटिबायोटिकच्या चार गोळ्या कापून देतो. तिथे त्याला डॉक्टर आठवत नाही. आणि आपल्यालाही आठवत नाही. डॉक्टरांची फी वाचवायची म्हणून आपणच त्याला काउंटरवरचा डॉक्टर केले. पण जे त्याचे स्वतःचे शास्त्र, म्हणजे औषध कसे घ्यायचे, कशाबरोबर घ्यायचे नाही, काय झाले तर थांबायचे, ते मात्र आपण त्याला कधी विचारले नाही. जे त्याचे काम नव्हे ते त्याच्याकडून करून घेतो आणि जे त्याचे काम आहे ते त्याला करू देत नाही.

हे त्याचे काम आहे, असे मी माझ्या पदरचे सांगत नाही. फार्मसी कायदा 1948 सालचा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे त्याचे 42वे कलम सांगते. 2015 साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने 'फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स' आणली. त्यांनुसार फार्मासिस्टने रुग्णाशी किंवा त्याच्या नातेवाइकाशी स्वतःहून बोलायचे आहे. औषधाचे नाव काय, ते कशासाठी, मात्रा किती, किती दिवस, कोणते दुष्परिणाम होऊ शकतात, औषध ठेवायचे कसे, एखादी वेळ चुकली तर काय करायचे, हे सारे त्यात आहे. स्वतःहून, हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे गिऱ्हाइकाने विचारण्याची वाटच पाहायची नाही. अमेरिकेत 1990 सालच्या एका कायद्याने सरकारी वैद्यकीय मदत घेणाऱ्या गरीब रुग्णांना असे समजावून सांगण्याची तजवीज बंधनकारक झाली. आपल्याकडे पंचवीस वर्षांनी का होईना, कागदावर ते आले.

"सेम आहे" या उत्तराचीही तीच कथा. चिठ्ठीवरच विकायच्या शेड्यूल 'एच'मधल्या औषधाच्या जागी दुकानदाराने परस्पर दुसरे औषध देऊ नये, मग आतला घटक तोच का असेना, असे औषध नियमावलीच सांगते. स्वस्त जेनेरिक औषध मिळावे, ही मागणी रास्त आहे आणि हा नियम बदलावा की नाही यावर जरूर वाद घालावा. पण दुकानदाराला जास्त फायदा देणारी कंपनी म्हणजे गिऱ्हाइकाला स्वस्त पडणारी कंपनी नव्हे, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

मग कागद आणि काउंटर यांच्यात एवढे अंतर का? एका परिचित दुकानदाराला मी हे विचारले. त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. ते म्हणाले, "सकाळी आठला शटर वर जातं ते रात्री अकराला खाली येतं. संध्याकाळी लोकल आली की एकदम वीस माणसं काउंटरवर. एकालाही दोन मिनिटं थांबायचं नसतं. पहिला प्रश्न असतो, किती टक्के डिस्काउंट? सरकारनं दर बांधलेल्या औषधांवर आम्हाला मिळतात सोळा टक्के. त्यातून डिस्काउंट, भाडं, पगार. समजावून सांगण्याचे किती? शून्य. बरं, सांगितलं तर काय होतं? एका बाईंना मी म्हटलं, या गोळीनं चक्कर येईल, उठताना सावकाश उठा. त्यांनी घाबरून गोळीच बंद केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, तुम्ही डॉक्टर आहात की दुकानदार? तेव्हापासून मी तोंड शिवलं."

दर नियंत्रणाच्या 2013 सालच्या आदेशात किरकोळ विक्रेत्याचा वाटा सोळा टक्केच धरला आहे. म्हणजे आपण गोळीचे पैसे देतो, शब्दांचे देत नाही. मग शब्द मिळणार कुठून? शिवाय सांगायचे तर सांगणारा जागेवर हवा. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले आणि प्रमाणपत्रावरचे गृहस्थ भलतीकडेच, असा प्रकार आपण सर्वांनी पाहिला आहे. महेश झगडे हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, 2012च्या सुमारास, फार्मासिस्ट दुकानात प्रत्यक्ष हजर हवा म्हणून तपासण्यांचा धडाका लागला होता. औषध विक्रेत्यांनी त्याविरुद्ध बंदही पुकारले. तेव्हा आपण गिऱ्हाइके कुणाच्या बाजूने होतो? खरे सांगायचे तर कुणाच्याच नाही. दुकान बंद असल्याची तेवढी कुरकुर केली.

आणखी एक अडचण भाषेची आहे. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आणि मग 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, अशी वाट चालून आपल्याकडचे बहुतेक फार्मासिस्ट काउंटरमागे येतात. शिकतात ते सारे इंग्रजीत. दुष्परिणामांची यादी तोंडपाठ असते, पण ती आजीला तिच्या भाषेत कशी सांगायची, हे कुणी शिकवलेले नसते. स्ट्रिपवरची बारीक अक्षरे इंग्रजीत, खोक्यातला घडीचा कागद इंग्रजीत आणि तोही मुळात डॉक्टरांसाठी लिहिलेला. 1 ऑगस्ट 2023 पासून निवडक 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड आला. मोबाईल धरला की नाव, कंपनी, बॅच, मुदत कळते. औषध खरे की खोटे हे ताडायला ते चांगलेच. पण गोळी सकाळी घ्यायची की रविवारी, हे तो चौकोन सांगत नाही.

आपल्या परंपरेत असे नव्हते. वैद्य पुडी द्यायचा तेव्हा अनुपान सांगायचा. मधातून, तुपातून, आल्याच्या रसातून. पथ्य सांगायचा. पुडी आणि शब्द मिळून औषध होत असे. पुढे डॉक्टर आले, त्यांचे कंपाउंडर आले. माझ्या पिढीला मिक्श्चरची बाटली आठवत असेल. तिच्या पाठीला कागदाची उभी पट्टी चिकटवलेली असे आणि कात्रीने तिला खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक मात्रा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती पट्टी कळायची. तयार गोळ्या आल्या, औषधे शतपटीने गुणकारी झाली, आणि तितकीच धारदारही. नेमकी तेव्हाच ती पट्टी गळून पडली.

कुणी म्हणेल, आता माहिती मोबाईलवर आहे, दुकानदाराला कशाला विचारायचे? मीही आईच्या आजारानंतर रात्ररात्र मोबाईल चाळला. तिथे त्या गोळीचे चाळीस दुष्परिणाम सापडले. पण माझ्या आईचे वय, तिची मूत्रपिंडे, तिच्या डब्यातल्या दुसऱ्या सहा गोळ्या त्याला ठाऊक नव्हत्या. माहिती ढीगभर असते. तिच्यातले आपल्या माणसाला लागू किती, हे सांगायला समोर माणूस लागतो. साधे उदाहरण घ्या. अंग दुखते म्हणून कोंबिफ्लाम, ताप आहे म्हणून क्रोसिन आणि सर्दीची तिसरी कुठली गोळी, अशी तीन नावे घरात एकाच दिवशी सहज पोटात जातात. पहिल्या दोन्हींत पॅरासिटामॉल आहे आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असते. नावे तीन, औषध एकच, आणि अती झाले की ते यकृताला भोवते. तीन पाकिटे एकत्र पाहणारा डोळा त्या साखळीत फक्त फार्मासिस्टचाच असू शकतो.

त्याला स्वतःला अडले तर? अशा अडचणींसाठी जगातले पहिले औषध माहिती केंद्र 1962 साली अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाले. आपल्याला इतके लांब जायला नको. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल मुलुंडला, म्हणजे ठाण्याच्या उंबरठ्यावरच आहे आणि तिचे औषध माहिती केंद्रही आहे. औषधाचा दुष्परिणाम झालाच, तर तो कळवण्यासाठी केंद्र सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे आणि सामान्य माणसाने भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. मला हे सारे आई घरी आल्यावर कळले. यातले एक अक्षरही मी आजवर कुठल्या दुकानाच्या दर्शनी भागात वाचलेले नाही. तिथे डिस्काउंटचे आकडे मात्र हातभर उंचीचे असतात.

माझ्या मागण्या लहान आहेत. पाकिटावर गोळी घेण्याची रीत मराठीत, ठळक अक्षरांत लिहावी. रोजची नसलेली गोळी असेल तर वार लिहावा. चिठ्ठी वाचता आली नाही तर अंदाज न करता डॉक्टरांना फोन करावा, आणि डॉक्टरांनी तो फोन अपमान न मानता घ्यावा. गर्दीपासून हातभर बाजूला एक खुर्ची असावी, कारण काही प्रश्न वीस माणसांपुढे विचारता येत नाहीत. आणि सरकारने या बोलण्याला काही मोल द्यावे. फुकटची सेवा कायद्याने सक्तीची करून भागत नाही.

आपल्यासाठीही काही आहे. घरातल्या सर्व गोळ्यांची एक यादी खिशात ठेवावी. नवे औषध घेताना ती दाखवावी. विचारावे, ही कशासाठी, किती वेळा, किती दिवस, कशाबरोबर चालत नाही आणि काय झाले तर लगेच थांबायचे? मागे रांग असेल तर असू द्यावी. पुढच्या माणसाला कुणी दोन मिनिटे समजावून सांगत असेल तर आपण घड्याळ पाहू नये. आणि ज्या दुकानात उलट प्रश्न विचारतात ते दुकान सोडू नये, दहा टक्के सवलत तिथे नसली तरी.

मी आता त्या बाईंकडूनच औषधे घेतो. त्या दिवशी त्यांनी मला जेल विकले नाही. चार पैशांचे गिऱ्हाईक घालवले म्हणा ना. मागच्या महिन्यात आईला जीवनसत्त्व 'ड'च्या कॅप्सूल लिहून दिल्या, आठवड्याला एक अशा. बाईंनी पाकीट माझ्या हाती देण्याआधी लाल पेनाने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'फक्त रविवारी'. मग मलाच विचारले, "काका, कधी द्यायची सांगा बरं?" शाळेतल्या मुलासारखे मी उत्तर दिले. त्या हसल्या आणि मगच पाकीट सोडले.

आज रविवार आहे. हे लिहून झाले की आईला कॅप्सूल द्यायची आहे.